संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी शाखा सोडायची म्हणते. काय करावे?

पळसबन (दारव्हा तालुका)

नमस्कार. मी कोरडवाहू शेतकरी असून गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे काम पाहतो. माझी धाकटी मुलगी २०२४ साली एमएचटी-सीईटी देऊन कॅप फेरीतून संगणक अभियांत्रिकीला लागली. वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा शासन निर्णय त्याच वर्षी जुलैत निघाला, म्हणून आम्हाला हे धाडस करता आले. वसतिगृह आणि मेस यांचा खर्च मात्र घरातूनच जातो, आणि सोयाबीनच्या आजच्या भावात तो कसा भागवावा लागतो हे येथील वाचकांना वेगळे सांगायला नको.

तिचे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले. शाळेत संगणक कक्ष होता, परंतु तो बहुधा कुलूपबंद असे, त्यामुळे स्वतःच्या हाताने संगणक चालवण्याची संधी तिला अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातच मिळाली. गणित तिचे आधीपासून चांगले आहे आणि आजवर एकही विषय राहिलेला नाही. तरीही दिवाळीला घरी आली तेव्हा तिने सांगितले की हे वर्ष संपले की ती ही शाखा सोडणार आणि बी.एस्सी. करणार किंवा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला लागणार, कारण ‘कोडिंगचे डोके’ तिच्याकडे नाही.

खोदून विचारल्यावर जे कळले ते असे. प्रॅक्टिकलला एका संगणकावर तिघे बसतात. ज्या मुलाने अकरावी-बारावीतच सी भाषा शिकून घेतली आहे तो कीबोर्डसमोर बसतो, आणि अक्षर चांगले म्हणून जर्नल लिहिण्याचे काम माझ्या मुलीकडे येते. काही विचारले तर ‘हे तर बेसिक आहे’ असे उत्तर मिळते, म्हणून तिने विचारणेच सोडले आहे. चौघांच्या मिनी प्रोजेक्टमध्ये दोन्ही मुलींना अहवाल आणि सादरीकरण दिले गेले. कोणी तिच्याशी वाईट वागलेले नाही, हे ती आवर्जून सांगते. नातेवाईक म्हणतात की सोडू द्या, पुढे नोकरीसाठी पुण्यालाच जावे लागेल आणि मग लग्नाचे कठीण होईल. मला त्यांचे म्हणणे पटत नाही, पण मुलीचे म्हणणे खोडून काढण्याइतके या विषयाचे ज्ञान मला नाही.

माझा प्रश्न असा की हा खरोखर तिच्या कुवतीचा प्रश्न आहे, की शिकण्याच्या व्यवस्थेचा? आणि गावात बसून आम्ही काय करू शकतो?


वर्धाकाठ

भाऊ, मी मूळची आर्वी तालुक्यातील असून बऱ्याच वर्षांपासून पुण्यात सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करते. तुमच्या मुलीने जे सांगितले ते मला इतके ओळखीचे आहे की उत्तर लिहिल्याशिवाय राहवले नाही.

अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर यांनी १९९५ पासून काही वर्षे संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या आणि २००२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्यांना असे आढळले की अनेक मुले लहानपणापासून घरच्या संगणकाशी खेळून आलेली असत, मुलींना तो सराव बराच कमी असे, आणि वर्गात सर्वजण, स्वतः मुलीसुद्धा, त्या सरावालाच बुद्धी समजत. मुली अनेकदा अभ्यासात मागे पडण्याच्या आधी धीर सोडत, आणि ‘मला आता आवड राहिली नाही’ असे सांगून बाहेर पडत. तुमची मुलगी कोणत्याही विषयात नापास झालेली नाही आणि तरी ‘डोके नाही’ म्हणते, ही नेमकी तीच गोष्ट आहे.

विद्यापीठाने त्यावर उपाय केले. प्रवेश देताना प्रोग्रामिंगच्या पूर्वानुभवाला महत्त्व देणे कमी केले, आणि ज्यांना काही येत नाही त्यांना वेगळ्या पायरीवरून सुरुवात करण्याची सोय ठेवली. १९९५ मध्ये तेथे प्रवेश घेणाऱ्यांत मुलींचे प्रमाण ७ टक्के होते, ते २००० साली ४२ टक्के झाले. एवढ्या थोड्या वर्षांत मुलींच्या मेंदूत काही बदल झाला नव्हता.

आपल्याकडे विहिरीत पोहायला मुलांना आठ-नऊ वर्षांचे असतानाच ढकलतात आणि मुलींना काठावर कपडे सांभाळायला बसवतात. पुढे त्या मुलींना पाण्याची भीती वाटली तर त्याला निसर्ग म्हणता येत नाही. कीबोर्डचे तसेच आहे.

एक फरक मात्र ध्यानात घ्यावा. अमेरिकेत मुली या शाखेकडे कमी येतात ही मुख्य अडचण आहे. भारतात त्या पुष्कळ येतात, आणि रोली वर्मा यांच्यासारख्या संशोधकांनी भारतीय विद्यार्थिनींशी बोलून त्याची कारणेही मांडली आहेत: उन्हातान्हात किंवा कारखान्यात न जाता कार्यालयात बसून करायचे काम, बरा पगार, आणि घरच्यांना सुरक्षित वाटणारे क्षेत्र. त्यामुळे आपल्याकडे वर्गात मुली मोजल्या तर सारे ठीक वाटते. अडचण दाराच्या आत सुरू होते. कीबोर्ड कोणाच्या हाती आहे, प्रश्न कोण विचारतो, प्रोजेक्टमध्ये प्रोग्राम कोण लिहितो, हे पटावरील संख्येवरून कळत नाही. नोकरीतही हीच वाटणी पुढे चालू राहते, आणि सारख्याच गुणांवर घेतलेल्या मुलामुलींपैकी मुलाला नवे काम व मुलीला चाचणी आणि कागदपत्रे असे मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणूनच जर्नल आणि अहवाल या गोष्टी तुम्ही किरकोळ समजू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.


रोखठोक (मेहकर)

वरील प्रतिसादाबद्दल आदर राखून थोडे वेगळे लिहितो. माझा पुतण्या याच परिस्थितीतून गेला. तोही मराठी माध्यमातला, त्याच्याही शाळेतला संगणक कक्ष बंद, त्यालाही तिघांत मागे बसावे लागले. त्याच्यासाठी शुल्कमाफी नव्हती, काकांनी आणि मामांनी पैसे उभे केले. आयआयटीत २०१८ पासून मुलींसाठी अतिरिक्त जागा आहेत, आणि त्यांतून मुलींचे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत नेले आहे. गावाकडच्या लाजाळू मुलाची दखल घेणारी अशी एकही योजना मला दिसत नाही. हा प्रश्न मुलगा-मुलगी असा नसून शहर आणि खेडे असा आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. शिवाय, काही क्षेत्रांचा ओढा मुलांना उपजतच जास्त असू शकतो, ही शक्यता आपण बोलून तरी दाखवू नये का?


प्रयोगशाळा

मी बुलढाणा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात संगणक विभागात शिकवतो. रोखठोक यांच्या पहिल्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. खेड्यातून आलेला मुलगाही तिघांत मागेच बसतो, आणि त्याच्याविषयी बोलले जात नाही. परंतु खेड्यातून आलेल्या मुलीवर दोन्ही भार एकत्र पडतात, आणि मुलाला जे संध्याकाळी मित्राच्या खोलीवर बसून भरून काढता येते, ते तिला काढता येत नाही.

उपजत ओढ्याविषयी मात्र इतिहास वेगळे सांगतो. १९४६ मध्ये फिलाडेल्फियात एनिॲक हा संगणक जगासमोर आणला गेला, तेव्हा त्यावर गणित बसवण्याचे, म्हणजे प्रोग्रामिंगचे, काम के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान बिलास आणि रूथ लिक्टरमन या सहा स्त्रियांनी केले होते. प्रात्यक्षिकानंतरच्या मेजवानीला त्यांना बोलावले गेले नाही. ग्रेस हॉपर या अमेरिकन संगणकतज्ज्ञांनी कंपायलरच्या (लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत बदलणाऱ्या साधनाच्या) दिशेने पहिले काम १९५२ मध्ये केले. त्या काळी यंत्र बनवणे हे मोठे काम आणि प्रोग्रामिंग हे कारकुनी काम मानले जात असे, म्हणून ते स्त्रियांकडे आले. पुढे त्याला मान आणि पैसा मिळू लागला तसे चित्र बदलत गेले. अमेरिकेत संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण १९८४ च्या सुमारास ३७ टक्के होते. नंतरच्या दोन-अडीच दशकांत ते अठरा टक्क्यांच्या आसपास उतरले. घरगुती संगणक बाजारात आले ते याच सुमारास, आणि त्यांच्या जाहिराती प्रामुख्याने मुलांना उद्देशून असत. घसरणीचे ते एकमेव कारण नसेल, पण उपजत ओढा असा एका पिढीत अर्ध्यावर येत नाही.

आता प्रयोगशाळेविषयी, कारण खरा इलाज तेथे आहे आणि तो फारसा खर्चिक नाही. आमच्याकडे संगणक कमी आहेत, त्यातले काही नेहमी बंद असतात, वीज जाते, युपीएस टिकत नाही. अशा स्थितीत एका यंत्रावर दोघांना बसवणे भाग असेल, तर त्याचीच पद्धत करता येते. जोडीतील एकाने कीबोर्ड चालवायचा, दुसऱ्याने पुढची ओळ सांगायची आणि चुका दाखवायच्या, आणि ठरावीक मिनिटांनी जागा बदलायच्या. बदल घड्याळावर झाला पाहिजे. विद्यार्थ्यांच्या मर्जीवर सोडला तर तो होत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेत चार्ली मॅकडॉवेल, लिंडा वेर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा जोड्यांचा अभ्यास केला, तेव्हा जोडीने शिकणारे विद्यार्थी, त्यांत मुलीही, या शाखेत अधिक प्रमाणात टिकून राहिल्याचे दिसले. माझ्या अनुभवाची भर अशी की जोडी शक्यतो सारखी तयारी असलेल्यांची असावी. अतिशय येणारा आणि अजिबात न येणारी अशी जोडी लावली की पहिला लिहितो आणि दुसरी पाहते, मग जागा कितीही बदला.

हार्वे मड या कॅलिफोर्नियातील महाविद्यालयाने आणखी एक गोष्ट केली, जी मला फार महत्त्वाची वाटते. पूर्वी प्रोग्रामिंग केलेल्यांची आणि न केलेल्यांची प्रारंभिक तुकडी त्यांनी वेगळी ठेवली, आणि वर्गात सतत आपले ज्ञान दाखवणाऱ्या विद्यार्थ्यांना शिक्षक बाजूला घेऊन प्रेमाने सांगू लागले की तुमच्याशी बोलायला मला आवडेल, पण वर्गाबाहेर. २००६ मध्ये तेथे संगणकशास्त्र घेणाऱ्यांत मुली दहा टक्क्यांच्या आसपास होत्या, काही वर्षांतच त्या चाळीस टक्क्यांवर गेल्या. मीही ‘हे तर बेसिक आहे’ हे वाक्य माझ्या प्रयोगशाळेत बोलू देत नाही. त्या चार शब्दांनी जितके विद्यार्थी गप्प होतात तितके कठीण प्रश्नपत्रिकेने होत नाहीत.

पळसबन भाऊ, तुम्ही थेट प्राचार्यांकडे तक्रार घेऊन जाऊ नका. मुलीने आणि तिच्यासारख्या आणखी दोघी-तिघींनी बॅचच्या शिक्षकांकडे लेखी विनंती द्यावी की प्रॅक्टिकलला कीबोर्डची पाळी लावावी, आणि मोकळ्या तासिकेत प्रयोगशाळा उघडी मिळावी. मागणी नेमकी असली की बहुतेक शिक्षक ऐकतात. तेथे दाद लागली नाही तर मेंटॉर (नेमून दिलेले मार्गदर्शक शिक्षक) आणि मग विभागप्रमुख. मिनी प्रोजेक्टच्या पुढील आढाव्याच्या वेळी तिने एक भाग, छोटा का होईना, पूर्णपणे स्वतः लिहिणार असे गटात सांगावे. व्हायवा (तोंडी परीक्षा) घेणारा शिक्षक कोणी काय लिहिले हे दोन प्रश्नांत ओळखतो, आणि अहवाल लिहिणारीला तेथे गुण मिळत नाहीत.


सातपुडा (अचलपूर)

मी संगणक अभियांत्रिकीची पदवी घेतली, काही काळ नोकरी केली, आणि आता कनिष्ठ महाविद्यालयात बायफोकलचा संगणकशास्त्र विषय शिकवते. येथे सर्वांनी मुलीने टिकून राहावे असे लिहिले आहे. मला एवढेच म्हणायचे आहे की सोडण्याचाही तिला हक्क आहे, आणि स्पर्धा परीक्षा किंवा बी.एस्सी. हे काही पराभवाचे मार्ग नाहीत. मात्र ज्या कामाला तिचा हात अजून नीट लागलेलाच नाही, ते आपल्याला आवडते की नाही हे तिला कसे कळणार? आधी काही महिने स्वतःच्या हाताने करून पाहावे आणि मग ठरवावे. शाखा किंवा महाविद्यालय बदलल्यास शुल्कमाफीचे काय होईल, हे तेथील शिष्यवृत्ती विभागात आधी विचारून ठेवावे.

प्रयोगशाळा सरांनी संध्याकाळचा उल्लेख केला, त्यावर थोडे अधिक लिहिते. अनेक ठिकाणी मुलींच्या वसतिगृहाचे फाटक मुलांच्या फाटकाआधी बंद होते. वाचनकक्ष, प्रयोगशाळा, सीनियरची खोली, प्रोजेक्टची रात्रीची बैठक, यांतले काहीच मुलींना मिळत नाही. मुले जे ‘आपोआप’ शिकतात ते याच वेळेत शिकतात. यावर उपाय म्हणून मुलींच्या वसतिगृहातच एक खोली, दोन-चार संगणक आणि बरे इंटरनेट मागावे. सुरक्षिततेच्या कारणावरून ही मागणी कोणाला नाकारता येत नाही.

घराच्या पातळीवर सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे तिचा स्वतःचा लॅपटॉप. आपल्याकडे मुलगा अभियांत्रिकीला गेला की लॅपटॉप पहिल्याच वर्षी येतो, आणि मुलीच्या वेळी ‘कॉलेजात आहे ना’ असे म्हटले जाते. नवा घेणे शक्य नसेल तर चांगल्या स्थितीतला वापरलेला घ्या. सी आणि पायथॉन शिकायला भारी यंत्र लागत नाही. एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) प्रगती शिष्यवृत्ती मुलींसाठीच असून वर्षाला पन्नास हजार रुपये देते, परंतु ती आणि राज्याची शुल्कमाफी एकत्र चालतात का हेही त्याच विभागात विचारावे.

भाषेचा अडसर तिने सांगितलेला नाही, पण तो असणार. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी, सी++ यांसारख्या विषयांचे छोटे धडे मराठी निवेदनासह मोफत आहेत. पडद्यावर जे टाइप होते तेच शेजारच्या खिडकीत स्वतः टाइप करत शिकायचे, अशी त्यांची पद्धत आहे. ते उतरवून घेता येतात, त्यामुळे गावी रेंज नसली तरी चालतात. माझ्या अकरावीच्या मुली त्यावर शिकतात, आणि पहिली चूक दुरुस्त करून प्रोग्राम चालला की त्यांना शेजारणीला बोलावून दाखवल्याशिवाय राहवत नाही.


पळसबन

सर्वांचा मनापासून आभारी आहे. हे सर्व प्रतिसाद मी मुलीला पाठवले. वसतिगृहाच्या फाटकाविषयीचे वाचून तिने लगेच फोन केला आणि म्हणाली की हे लिहिणाऱ्या ताईंना नक्की माहीत आहे. रोखठोक भाऊ, तुमच्या पुतण्याविषयीचेही तिने वाचले. तिच्या बॅचमध्ये झरी तालुक्यातील एक मुलगा असाच मागे बसतो, त्याचेही नाव विनंती अर्जात घालू का, असे ती विचारते आहे. मला ते योग्य वाटते.

लॅपटॉपची व्यवस्था तूर विकल्यावर करीन. तोवर तिने मैत्रिणीच्या लॅपटॉपवर लिंक्ड लिस्टचा, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या नोंदींच्या यादीचा, प्रोग्राम कोणाचीही मदत न घेता लिहून पाहिला. मधोमध नवी संख्या घातली की तीच संख्या पडद्यावर सतत छापली जाते आणि थांबतच नाही, असे तिचे म्हणणे आहे. वर्गात विचारायला ती अजून संकोचते. यादीतील एक नोंद म्हणजे नोड आणि तिच्यात ठेवलेला पुढच्या नोंदीचा पत्ता म्हणजे नेक्स्ट, असे तिने मला समजावले. तिने स्वतः लिहून दिलेल्या दोन ओळी मी जशाच्या तशा सांगतो: आधी मागच्या नोडचा नेक्स्ट नव्या नोडकडे वळवला आहे, आणि त्यानंतर नव्या नोडच्या नेक्स्टमध्ये मागच्या नोडचा नेक्स्ट ठेवला आहे.


रोखठोक (मेहकर)

त्या मुलाचे नाव अर्जात अवश्य घाला. उपजत ओढ्याविषयी सरांनी दिलेल्या आकड्यांवर मी विचार करतो आहे. पुतण्या आता नागपूरला नोकरीत आहे, मुलीला काही विचारायचे असल्यास तो आनंदाने मदत करील असे त्याने सांगितले आहे.


वर्धाकाठ

भाऊ, तिला सांगा की दोन्ही ओळी बरोबर आहेत, फक्त त्यांचा क्रम उलटा आहे. पहिल्या ओळीनंतर मागच्या नोडचा नेक्स्ट म्हणजे नवा नोडच झालेला असतो. मग दुसऱ्या ओळीत नव्या नोडच्या नेक्स्टमध्ये तोच नवा नोड जाऊन बसतो, म्हणजे तो स्वतःकडेच बोट दाखवू लागतो. छापणारा लूप (पुन्हा पुन्हा चालणारा भाग) तेथून पुढे सरकत नाही, आणि यादीचा उरलेला भाग कोणाच्याच हाती राहत नाही. आधी नव्या नोडने पुढच्या नोडचा पत्ता घ्यायचा, आणि नंतरच मागच्याने नव्याचा. नोकरीत असलेले लोकही ही चूक करतात, तेव्हा ती बेसिक आहे असे कोणी म्हटले तर तिने मनावर घेऊ नये.

पॉइंटरचे, म्हणजे अशा पत्त्यांचे, प्रोग्राम लिहिताना आधी कागदावर चौकटी आणि बाण काढावेत, आणि प्रत्येक ओळीनंतर कोणता बाण खोडला व कोणता नवा काढला हे पेन्सिलीने दाखवावे. यानंतर तिने यादीतील मधला नोड काढून टाकण्याचा प्रोग्राम लिहावा. पहिलाच नोड काढायचा असेल तेव्हा काय बदलावे लागते, हे तिने स्वतः शोधावे. अडली तर पूर्ण प्रोग्राम येथे टाकावा आणि शक्य असल्यास स्वतःच्या खात्यावरून टाकावा, म्हणजे आम्हाला तिच्याशी थेट बोलता येईल.